नानांची पेन्सिल

ती. नानांस, सा. न.

प्रबंध जमा झाला. त्यातल्या आभाराच्या पानावर मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथालय, आई-बाबा असा मानाचा क्रम असतो. तुमचं नाव मी तिथे हट्टाने घातलं, पण एका ओळीत माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

"कोण नाना?" असं विचारणाऱ्यांना सांगते: पाटबंधाऱ्याच्या सर्व्हेतून निवृत्त झालेले, आमच्या गावाकडचे नाना.

मी सातपुड्यातले फार जुने, झिजून सपाट झालेले माथे शोधत होते. तोरणमाळचं हजार मीटरच्या वरचं पठार पाहिलं की वाटतं, कधीकाळी सगळी जमीनच त्या पातळीला असेल, मग ती उचलली गेली आणि नद्यांनी कापून काढली. असे सपाट तुकडे संगणकावर लगेच सापडतात. फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या एंडेव्हर अंतराळयानाने रडारने 11 दिवसांत मोजलेल्या उंच्या फुकट मिळतात. त्यांवरून उतार काढायचा आणि कोणते तुकडे एका उंचीवर येतात ते बघायचं. घोळ त्यानंतर सुरू होतो. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. वरचा मऊ भाग निघून कठीण थर उघडा पडला, तर त्याचाही माथा सपाटच. काळाने तासलेलं कोणतं आणि थराचं मूळचं सपाट कोणतं, हे वरून कसं ओळखायचं? जांभा ही जुन्या झिजलेल्या माथ्याची खूण धरावी, तर दोन थरांमधली तांबडी मातीही उपग्रहचित्रात तशीच लोहाची खूण दाखवते.

हा प्रश्न घेऊन मी बऱ्याच केबिनबाहेर बसले. एका साहेबांनी पहिल्याच पानावर लाल पेनाने फुली मारली आणि "कॉम्प्युटरवर डोंगर बघून काय कळणार?" म्हणाले. पुढची पानं उलटलीही नाहीत. दुसऱ्यांनी तर मेलला उत्तर देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. हुद्दा मोठा असला की वेळ कमी पडतो, असं दिसतं.

तुम्ही "आठे बठ, बेटा" म्हणालात, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मग काकूंकडे पेन्सिल मागितली. पेन तर तुमच्या खिशालाच होतं. मी तसं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "नकाशा तुझा आहे. माझं चुकलं तर तुला खोडता आलं पाहिजे." नाना, इतक्या दिवसांत माझ्या कामाला 'तुझं' म्हणणारे तुम्ही पहिले. घरी येताना एसटीत मी तो कागद गुंडाळला नाही, मांडीवर उघडाच धरला होता. शेजारच्या बाईंना वाटलं, जमिनीची मोजणी आहे.

तुमची पेन्सिल तापीच्या दक्षिणेला, साक्री-नंदुरबारकडच्या दगडी भिंतींवर थांबली. जमिनीच्या भेगांत लाव्हा गोठून झालेल्या या भिंती, आम्ही त्यांना डाइक म्हणतो. विहीर भिंतीच्या कोणत्या अंगाला खणली तर पाणी लागतं, इथपासून तुम्हाला त्या माहीत. भिंत आजूबाजूच्या दगडाहून टणक, म्हणून एरवी उंच उभी राहते. पण जिथे भिंत आणि थर दोन्ही एकाच पातळीला कापले गेलेत, तिथलं सपाट थराचं नसणार, झिजेचं असणार. यानाच्या उंच्यांच्या 30 मीटरच्या चौकोनात पाच-सात मीटर जाडीची भिंत हरवून जाते, म्हणून मी कार्टोसॅट-1 या आपल्या उपग्रहाची, अडीच मीटरचा चौकोन असलेली चित्रं घेतली आणि तुमच्या रेघांवर ती तपासली. चौथं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं.

अशी माणसं आपल्या खान्देशात गावोगाव आहेत. ओसरीवर बसलेली, चाळीस वर्षांचं रान डोक्यात असलेली. त्यांच्याकडे जायला अपॉइंटमेंट लागत नाही, निघताना वर कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळतो.

आता एक काम आहे. साक्रीकडच्या ज्या दोन भिंतींभोवती तुम्ही गोल केलेत, त्यांच्या माथ्यांची उंची तुमच्या जुन्या लेव्हल-बुकात असेल तर काढून ठेवाल का? रविवारी सकाळच्या गाडीने येते.

तुमची,
नकाशेवाली पोरगी