साखरप्याच्या मेस्त्रींना आभारपत्र

आदरणीय मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत, भर पावसात, गाडी नीट होईपर्यंत तुम्ही आम्हांला आंबा घाट चढू दिला नाहीत, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. तुमचे नाव कुठेही लिहू नये असे तुम्ही बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. मात्र त्या दुपारी तुम्ही जे केलेत ते सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

गाडी माझ्या वडिलांची, २००१ सालची, पेट्रोलवर चालणारी. वडील गेल्यानंतर ती विकावी असे घरात कोणालाच वाटले नाही. तिच्यातले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, काही महिन्यांपासून हळूहळू कमी होत होते. आम्ही नेहमी गाडी दाखवतो तिथे आधी रेडिएटरचे झाकण बदलले, मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बदलला, आणि शेवटी ‘जुनी गाडी आहे, पाणी घालत राहा’ असे सांगण्यात आले. गाडी उभी करतो तिथे जमिनीवर थेंबही दिसत नसे, त्यामुळे गळती आहे हेच कोणाला पटत नव्हते. जूनपासून पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्या आईच्या पायांखालची मॅट ओली होऊ लागली होती. पण पावसाळ्यात ओल्या मॅटकडे कोण लक्ष देणार? काचेवर आतून धरणारी चिकट वाफ आणि गाडीतला गोडसर वासही आम्ही पावसाच्याच खात्यावर टाकला होता.

रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना नाणीज सोडल्यावर तापमानाचा काटा मध्याच्या बराच वर गेला. तुमच्या शेडसमोर थांबलो तेव्हा मला फक्त पाणी भरून पुढे निघायचे होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात आईच्या डोळ्यांची तपासणी होती. तुम्ही बोनेटकडे न जाता आधी आईकडचे दार उघडलेत, मॅट उचललीत, खालचे कार्पेट चिमटीत दाबलेत आणि ती बोटे माझ्यापुढे धरलीत. ‘पावसाचे पाणी असे बुळबुळीत नसते,’ एवढेच म्हणालात. बोटांवर फिकट हिरवी झाक होती.

डॅशबोर्डच्या मागे हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनातले गरम पाणी एका नळीने त्यात येते आणि दुसऱ्या नळीने परत जाते, आणि तोच फुटला असेल तर गळती रस्त्यावर न होता गाडीच्या आत होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. हीटर आपल्याकडे क्वचितच लागतो, पण तो बंद असला तरी अनेक गाड्यांत हे पाणी त्यातून फिरतच राहते. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन राबले असते, उरलेले पाणी संपले असते आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधले सील, गेले असते, हे तुम्ही आईला घाबरवल्याशिवाय मला बाजूला घेऊन सांगितलेत.

तुम्ही पुरा तासभर इंजिन थंड होऊ दिलेत. झाकणामुळे आत दाब राहतो, त्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही, आणि गरम असताना झाकण उघडले की तेच पाणी उसळून अंगावर येते, असे म्हणत तुम्ही माझा पुढे गेलेला हात मागे घेतलात. नंतर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवल्यात. त्या बोल्ट ठोकून बंद का करत नाही, असे मी विचारले. अनेक जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाण्याला फिरायला हीच वाट असते आणि ती बुजवली तर इंजिनाचा एखादा भाग आतून तापत राहतो, हे तुमचे उत्तर मी विसरणार नाही. तुम्ही दोन्ही नळ्यांची तोंडे पितळी जोडनळीने एकमेकांना जोडलीत, दोन्ही बाजूंना नव्या क्लिपा आवळल्यात, आणि नळी वळणावर चिमटत तर नाही ना हे दोनदा हात फिरवून पाहिलेत. हीटरमध्ये उरलेले कूलंट हलक्या हवेने डब्यात काढलेत आणि तो डबा झाकून ठेवलात, कारण कुत्री ते गोड म्हणून चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. इतक्या घाईच्या कामात तुम्हांला त्या मुक्या जनावरांची आठवण राहिली, याचे मला फार मोल वाटते.

मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेले कूलंट भरलेत आणि झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केलेत. बुडबुडे थांबेपर्यंत आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत.

हा तात्पुरता उपाय आहे, हे तुम्ही लपवले नाहीत. आता गरम हवा मिळणार नाही. काच धूसर झाली तर बाहेरची हवा आत घेऊन एसी लावायचा, पण एसीचा भार इंजिनावर पडतो म्हणून चढावर काट्यावर नजर ठेवायची. इंजिन तापले की हीटर पूर्ण सोडून थोडी उष्णता काढून घेता येते, तो मार्गही आता बंद झाला आहे, हेही तुम्ही आठवणीने सांगितलेत. त्या संध्याकाळी धुक्यात घाट चढलो, तेव्हा काटा मध्याच्या खालीच राहिला. आईची तपासणी वेळेवर झाली.

दिवाळीनंतर डॅशबोर्ड उतरवून हीटरचा कोअर, म्हणजे तोच छोटा रेडिएटर, बदलून घेतला. त्या कामाला दोन दिवस लागले. जुना कोअर उलटा केला तेव्हा त्यातून तांबूस गाळ पडला. वडील कितीतरी वर्षे गावच्या विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घालत असत; त्या जड पाण्याचे क्षार आणि गंज त्या बारीक नळ्यांत साठत गेले असणार. तुम्ही केलेला जोड मात्र चार महिन्यांनंतरही कोरडा होता.

ती पितळी जोडनळी आणि दोन क्लिपा पुसून डिकीत ठेवल्या आहेत. पुढच्या खेपेस रत्नागिरीला जाताना तुमच्याकडे थांबून त्या परत करीन. आईही बरोबर असेल. तुम्हांला भेटायचे असे तिने आत्ताच सांगून ठेवले आहे.

आपला ऋणी,
कोल्हापूरचा एक गाडीवाला