अधिवेशनातली सहल बंद करू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. अंबाजोगाईच्या एका शाळेत ३१ वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान आणि भूगोल शिकवला. एका विज्ञान संस्थेची १९९६ पासून आजीव सभासद आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. पण गेल्या आठवड्यात वार्षिक अधिवेशनाचं परिपत्रक हातात पडलं आणि वाचून जीव हळहळला, म्हणून हे पत्र.

यंदाचं अधिवेशन छत्रपती संभाजीनगरला, एका मोठ्या हॉटेलात, मंगळवार ते गुरुवार असं तीन दिवस आहे. दरवर्षी होणारी अभ्याससहल रद्द केली आहे. कारण दिलंय ‘वेळेचा अपव्यय टाळण्यासाठी’. त्या अर्ध्या दिवसात प्रायोजक कंपन्यांची सादरीकरणं ठेवली आहेत. रात्रीची पंगत आणि सभासदांचा घरगुती करमणुकीचा कार्यक्रमही गेला. त्याऐवजी ‘गाला डिनर’ आहे आणि त्याचं शुल्क नोंदणी शुल्काहून वेगळं, माणशी साडेतीन हजार रुपये. मी कार्यकारिणीला दोन पानी पत्र लिहिलं. ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं.

साडेतीन हजार मला परवडतील. पण बीड, हिंगोली, वाशीमकडून येणारी विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका एका जेवणाला एवढे पैसे मोजणार नाही. ती सहा वाजता पिशवी उचलून बसस्थानक गाठेल. दिवसभर सभागृहात मागच्या रांगेत बसून तिने ऐकलं असेल पुष्कळ, पण तिच्याशी कोणी बोललेलं नसेल.

सहलीतून काय मिळतं, ते मी लोणारचं सांगते.

डिसेंबर १९९८. एसटीच्या प्रासंगिक करारावर घेतलेल्या दोन गाड्या. पहाटे पाचला निघालो, वाटेत एका शाळेच्या पटांगणात कागदावर उपमा आणि चहा. लोणारला पोहोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. काठावर उभं राहून खाली पाहिलं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खोल वाडगा, तळाशी हिरवट पाणी आणि चहूबाजूंनी झाडी. वर्गात मी त्या विवराचं चित्र फळ्यावर किती वेळा काढलं होतं! पण काठावरच्या बसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे, थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, हे मला माहीतच नव्हतं. आमच्याबरोबर भूविज्ञानाचे एक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी हातोडीच्या दांड्याने थर दाखवले आणि म्हणाले, “आडवा पडलेला लाव्हा इथे उचलला गेलाय. वरून आघात झाल्याशिवाय सगळ्या बाजूंनी असा उचलला जाईल का?” मग त्यांनी सांगितलं की हे ज्वालामुखीचं तोंड आहे असंच पुष्कळ काळ लोक मानत होते. १९७० च्या दशकात तळातून काढलेल्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं खनिज, आणि मग हे उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे हे ठरून वाद मिटला.

मी पर्समध्ये लिटमसच्या पट्ट्यांची डबी आणली होती. उतरताना वाटेत धारेचं गोमुख लागलं. तिथल्या पाण्यात तांबडी पट्टी बुडवली, काही झालं नाही. तासाभराने सरोवराच्या काठी, चिखलात चप्पल रुतत असताना, दुसरी पट्टी बुडवली. बोटांत धरली होती तिथपर्यंत ती निळीशार झाली. एकाच विवरात एक पाणी गोडं आणि एक इतकं अल्कधर्मी की पीएच दहाच्या घरात. त्या दोन पट्ट्या मी वहीत चिकटवल्या. वही अजून आहे.

दुपारी पंगत होती. पत्रावळीवर पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, वरण-भात. माझ्या शेजारी ज्यांचं बीजभाषण आदल्या दिवशी झालं होतं ते शास्त्रज्ञ येऊन बसले. सभागृहात तीनशे माणसांपुढे उभं राहून त्यांना प्रश्न विचारायला माझी जीभ रेटली नसती. पंगतीत भाकरी मोडता मोडता विचारलं, “सर, ह्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, आणि झरे तर येतच राहतात. मग विवर भरून का वाहत नाही?”

ते हसले नाहीत. वरणाच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “घरी आमटी मंद आचेवर विसरलात तर काय होतं?” म्हटलं, “आटते आणि खारट होते.” “बस, तेच. पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय.”

पुढे निवृत्त होईपर्यंत बंदिस्त खोरं आणि बाष्पीभवन मी आमटीवरूनच शिकवलं. एकाही मुलाला परत समजावून सांगावं लागलं नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री फोन आला, “बाई, आमटी जास्तच आटली का?” पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं पुढे सांगितलं. ते वाचण्याआधीच पोराने निम्मं उत्तर काढलं होतं. पाऊस कमी, पाणी कमी, क्षार जास्त. बावीस वर्षांपूर्वीच्या एका पंगतीतून ते त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. ह्याला वेळेचा अपव्यय कसं म्हणायचं?

आणखी एक. १९९८ ला आम्हाला विवराचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगितलं होतं. तेव्हाचं मोजमाप तसं होतं. मी तेच शिकवत राहिले. पुढे एका अधिवेशनाच्या सहलीत गाडीत शेजारी बसलेल्या संशोधक मुलीने सांगितलं, “मॅडम, ते आता बदललंय. २०११ ला खडकातला आर्गॉन वायू मोजून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला, विवर साडेपाच लाख वर्षांहून जुनं आहे.” तालुक्याच्या गावी मला हे कोण सांगणार होतं? घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन चूक दुरुस्त केली.

खोडदची सहलही विसरता येत नाही. नारायणगावजवळचा जीएमआरटी प्रकल्प, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आत शिरतानाच सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले, कारण आकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात की आपला मोबाइल त्यांच्यापुढे आरडाओरडा ठरतो. ताटलीखाली उभं राहून वर पाहिलं तर तारांच्या जाळीतून आभाळ आरपार दिसत होतं. जाळीमुळे वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ती कल्पना. पडद्यावर ह्या अँटेनांची चित्रं मी कितीदा पाहिली असतील, पण ती जाळी आहे हे त्या दिवशी कळलं.

विज्ञानसभांच्या सहली ही काही आमच्या संस्थेने काढलेली टूम नाही. विज्ञानाच्या प्रगतीसाठी निघालेल्या ब्रिटिश असोसिएशनची पहिली सभा १८३१ साली यॉर्कला भरली. तेव्हापासून सभा दरवर्षी वेगळ्या गावी न्यायची, दिवसा निबंध, संध्याकाळी मेळावे आणि आसपासच्या खाणी, कारखाने, डोंगर बघायला सहली, अशी रीत पडली. आपली सायन्स काँग्रेस त्याच नमुन्यावर उभी राहिली. १९१४ मध्ये कोलकात्याला पहिलं अधिवेशन झालं तेव्हा १०५ माणसं होती. १९२० चं अधिवेशन नागपूरला प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली झालं. मराठी विज्ञान परिषदही १९६६ पासून काम करते आहे आणि आपलं वार्षिक अधिवेशन वेगवेगळ्या गावी नेते. गाव बदलायचं ते त्या गावाची माती, पाणी, माणसं बघता यावीत म्हणूनच ना? हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून बसायचं असेल तर गाव कुठलं का असेना.

जुन्या पद्धतीत सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. एका अधिवेशनात (संस्था दुसरी होती) ‘महिलांसाठी कार्यक्रम’ म्हणून साड्यांच्या बाजारात न्यायची गाडी ठेवली होती. नोंदणीच्या टेबलावर मी आणि माझे यजमान उभे होतो. ते बँकेत नोकरीला, विज्ञानाशी त्यांचा संबंध माझ्या प्रयोगांच्या बाटल्या धुण्यापुरता. तिथल्या गृहस्थांनी प्रतिनिधीची पिशवी आणि बिल्ला त्यांच्या हातात दिला आणि मला साड्यांच्या गाडीचं कुपन. यजमानांनी पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “निबंध ह्या वाचणार आहेत, मी सोबत आलोय.” त्या दिवशी मला जे वाटलं ते आजही वाटतं. म्हणून सहल हवी ती सगळ्यांची एकच हवी. शास्त्रज्ञ, शिक्षक, त्यांच्या घरची माणसं, मुलं, सगळी एका गाडीत. माझे यजमान लोणारला आले होते. तिथल्या सासू-सुनेच्या विहिरीचं नाव ऐकून त्यांनी स्थानिक माणसाला इतके प्रश्न विचारले की आमचे प्राध्यापकही वही काढून टिपणं घेऊ लागले.

रात्रीच्या कार्यक्रमाबद्दलही लिहिते. लोणारच्या त्या मुक्कामी धर्मशाळेच्या गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या. वर्ध्याकडच्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी आईकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. त्यांत आलेल्या झाडांची नावं मग सगळ्यांनी मिळून ओळखली आणि एका झाडावरून मराठवाडा विरुद्ध विदर्भ असा वाद रंगला, कारण आम्ही त्याला वेगळं म्हणतो आणि त्या वेगळं. अकरा वाजता दिवे घालवले आणि मृगाचं नक्षत्र पाहिलं. ह्या कार्यक्रमाला खर्च सतरंज्यांच्या भाड्याचा आला असेल तेवढाच. हॉटेलातल्या जेवणात हातात ताटली घेऊन उभ्याने खायचं असतं. जो तो आपल्या ओळखीच्या घोळक्यात उभा राहतो. परगावची एकटी बाई भिंतीशी उभी राहून जेवते आणि खोलीवर जाते. मी असं जेवले आहे.

सहलींमुळे काही सभासदांचे हाल होतात, हा कार्यकारिणीतल्या एकांचा मुद्दा मात्र खरा आहे. माझ्याच दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आहे, लोणारचा उतार आता मला झेपणार नाही. पण त्याला उपाय आहे. ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी वरच्या काठावर खुर्च्या, पाणी आणि एक जाणकार माणूस ठेवा. वरूनही पुष्कळ दिसतं. सहल शेवटच्या दिवशी ठेवू नका, कारण गाड्यांची आरक्षणं असतात आणि निम्मी माणसं निघून जातात. मधल्या दिवशी ठेवली की उरलेल्या अधिवेशनात लोक एकमेकांना नावाने हाक मारतात.

यंदा लोणार लांब पडेल हे मलाही कळतं. पण संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे. मंगळवारी लेणी बंद असतात, तेव्हा बुधवार सकाळ धरा. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं हे सगळे सांगतात, पण ते ज्या बसाल्टात कोरलं त्याचे थर, त्यातली वायूच्या बुडबुड्यांची भोकं, कारागिरांनी कोणता खडक निवडला, हे दाखवणारा भूविज्ञानाचा माणूस आपल्याच सभासदांत आहे. दोन एसटी, डब्यातली पोळी-भाजी, आणि दुपारी तीनला परत. प्रायोजकांची सादरीकरणं चारनंतर सुखाने होऊ द्या.

कार्यकारिणीची पुढची बैठक ह्या महिनाअखेरीस आहे. तिथे हे पत्र कोणी वाचून दाखवलं तर मी आभारी राहीन. आपल्या वाचकांत इतर संस्थांचे सभासद असतील, त्यांच्या अधिवेशनातल्या सहली अजून चालू असतील तर त्यांनी जरूर लिहावं, म्हणजे आमच्या मंडळींना दाखवता येईल. आणि बुधवारची गाडी ठरलीच, तर शाळेतल्या विज्ञान मंडळाच्या चार मुली घेऊन मी स्वतःच्या खर्चाने येईन. त्यांची नावं मी आजच वहीत लिहून ठेवली आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, अंबाजोगाई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)