निर्वासित विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात इंग्रजीची साथ हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू आहेत, म्हणून आत्ताच लिहिते. मी 31 वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले. त्यानंतर काही महिन्यांनी, आमच्या इमारतीत भाड्याने राहणारी एक अफगाण मुलगी असाइनमेंटची पाने घेऊन माझ्याकडे आली. बी.ए.चे पहिले वर्ष. वर लाल शाईत शून्य आणि ‘कॉपीड’ एवढाच शेरा.

तिने लबाडी केली नव्हती. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवणे हीच चोख अभ्यासाची खूण, असे तिला शाळेत शिकवलेले. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडायचे, ते कोणाचे हे सांगायचे आणि मग आपले मत द्यायचे, हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. बोलताना ती फर्डे इंग्रजी बोलते. त्यामुळे अडचण भाषेची असेल, अशी शंकाही कुणाला आली नाही.

तेव्हापासून दर रविवारी चार-पाच अफगाण मुली येतात. व्याकरणाच्या चुका महिन्या-दोन महिन्यांत आवरतात. खरे अडते ते प्रश्नातल्या क्रियापदापाशी. ‘डिस्कस’ म्हटले म्हणून एकीने दोन माणसांचा संवाद लिहून आणला होता. ‘समरी’ समजावत होते तर दुसरी म्हणाली, “खुलासा!” त्यांच्या दरी भाषेत खुलासा म्हणजे सारांश, आपण खुलासा मागतो तो उलगडून सांगण्यासाठी. कागद, मुदत, हजर हे शब्द दोन्हीकडचे. त्या धाग्याने शिकवले की त्यांना पटकन कळते. संदर्भात साल लिहितानाही असाच घोळ होतो, कारण तिकडच्या पुस्तकांवर हिजरी शमसी, म्हणजे तिकडच्या सौर पंचांगाचा, सन असतो; त्या पहिल्या मुलीच्या बारावीच्या दाखल्यावर 1398 (म्हणजे आपले 2019-20) आहे.

भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. घरी परतण्याची सोय उरली नाही, तरी महाविद्यालयाच्या दप्तरी या मुली नुसत्या ‘विदेशी विद्यार्थिनी’. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या 2024 च्या अहवालानुसार जगातले जेमतेम 7 टक्के निर्वासित तरुण उच्च शिक्षणापर्यंत पोचत होते. 2030 पर्यंत हे प्रमाण 15 टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. एवढ्या अरुंद वाटेने आलेली मुलगी पहिल्याच सत्रात शून्य घेऊन बसते, हे मला सहन होत नाही.

स्पोकन इंग्लिशचा वर्ग यावर उपाय नव्हे. पहिल्या सत्रात आठवड्याला दोन तास द्यावेत. इंग्रजीच्या आणि विषयाच्या शिक्षकांनी मिळून, त्या विषयाचीच पुस्तके घेऊन लिहायला शिकवावे. पहिली असाइनमेंट गुण न देता दुरुस्तीसाठी परत द्यावी. शेजारी मराठी माध्यमातून आलेली आपली मुलेही बसू देत. बारावीनंतर त्यांची होणारी तारांबळ मी जवळून पाहिली आहे.

20 डिसेंबर 2022 रोजी तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. माझ्याकडे आलेल्या त्या पहिल्या मुलीची धाकटी बहीण काबूलमध्ये आहे. नेटवर्क असेल त्या रविवारी ती फोनवरून आमच्या वर्गाला बसते. गेल्या आठवड्यात तिने दीडशे शब्दांचा सारांश हाताने लिहून त्याचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिले होते की लाल शाईनेच तपासा. आज रात्री तोच तपासायचा आहे.

एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे