पिंट्याच्या क्लेमबद्दल, सुन्यास

सातारा,
मंगळवार, रात्री

प्रिय सुन्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ टाकली नाही आणि आज एकदम एवढं लांबडं पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. आईचं बीपी गोळीवर ठीक आहे, माझी पाठ आहे तशीच.

परवा पिंट्या मला म्हणाला, "दादा, तुझा पगार एक तारखेला होतो. थांबायला तुझं काय जातंय?" हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुझ्या तोंडून, कोर्टामागच्या टपरीवर, काकांच्या अपघाताच्या दाव्याच्या वेळी. म्हणून तुलाच लिहितोय. बाकीचे एक तर त्याची कीव करतात, नाहीतर मला शहाणपण शिकवतात.

अपघाताचं तुला माहीतच आहे. भरपाईच्या दाव्याचा अर्ज ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघातांच्या न्यायाधिकरणात, सहा महिन्यांच्या आत दाखल झाला. गुन्हा ट्रकवाल्यावर नोंदलाय, ट्रकचा विमा चालू होता, धडक मागून. केस भक्कम आहे असं वकील मॅडम म्हणतात, पण निकालाला किती वर्षं लागतील हे त्याही सांगत नाहीत. पिकअप गॅरेजात चेपून पडलीय, उजवा पाय गुडघ्याखाली नाही आणि हप्ता मात्र पाच तारखेला हजर. पोरांच्या फिया आहेत, कृत्रिम पाय बसवायचाय.

आणि आता एक माणूस आलाय. पहिल्यांदा तो वॉर्डातच आला होता, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. एफआयआरचा नंबर त्याला पाठ होता; आम्हाला तेव्हा तो माहीतसुद्धा नव्हता. तीन लाख लगेच देतो म्हणतो. व्याज नाही. दावा हरला तर एक पैसा परत मागणार नाही, जिंकला तर मिळेल त्यातले 40 टक्के त्याचे. त्यासाठी पाचशेच्या स्टॅम्पवर करार, सही केलेले कोरे चेक, पासबुक त्याच्याकडे आणि वकील तो देईल तो. सोमवारी कागद घेऊन येणार आहे.

मी मॅडमना विचारलं, हे चालतं का? त्यांनी नीट समजावलं. वकिलाला स्वतःला निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घेता येत नाही, तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून एका वकिलावर कारवाई केली होती. पण वकील नसलेल्या तिऱ्हाइताने दाव्याला पैसे पुरवावेत आणि निकालानंतर परत घ्यावेत, याला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. 2018 च्या बालाजी निकालात सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हटलंय. मात्र करार पिळवणुकीचा असेल तर कोर्ट तो उचलून धरत नाही, आणि हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या वरच्या अपील कोर्टाने, 1876 मध्येच सांगून ठेवलंय. ऐकायला बरं वाटतं. पण तो पिळवणुकीचा आहे हे सांगायला पिंट्याने आणखी एक दावा लढायचा का? तोवर कोरा चेक वटलेला असेल.

आता हिशेब बघ. (व्याजाची गणितं जोशी बाई शिकवत होत्या तेव्हा तू मागच्या बाकावर चिंचा खात होतास, म्हणून सावकाश लिहितो.) पिंट्या 38 वर्षांचा. भरपाई काढताना वर्षाची कमाई वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; 36 ते 40 वयाला गुणक 15. महिन्याला वीस हजार सुटत होते असं धरलं तर वर्षाचे 2,40,000 आणि गुणिले 15 म्हणजे 36 लाख. प्रमाणपत्रावर अपंगत्व 60 टक्के लिहिलंय. विमा कंपनी म्हणणार, तेवढंच धरा, म्हणजे 21 लाख 60 हजार. पण 2011 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने अगदी ड्रायव्हरचंच उदाहरण घेतलंय. डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व 60 टक्क्यांच्या आसपास ठरेल, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. पिंट्याचा तर ब्रेक-अॅक्सिलरेटरवरचा पाय गेला. त्यासाठी डॉक्टरांना साक्षीला आणायचं, मार्केटयार्डातल्या पट्ट्या, डिझेलच्या पावत्या, बँकेचा उतारा सगळं मांडायचं. वेळ लागणार. पण सव्वाचौदा लाखांहून जास्त फरक आहे रे!

मला खरी भीती 40 टक्क्यांची नाही. भीती ही, की हे सगळं मांडायचं की नाही हे तो माणूस ठरवणार. त्याचे तीन लाख अडकलेले. पुढच्या लोकअदालतीत बारा लाखांवर तडजोड झाली तर त्याला पावणेपाच-पाच लाख सुटतात, तेही वर्षभरात. तो कशाला डॉक्टरांची साक्ष काढत बसेल? आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे तुला मी सांगायला नको.

हो, तोच विषय. तू तेव्हा सही केलीस ती रक्कम कमी होती असं मला आजही वाटतं आणि तू आजही चिडशील. पण ती सही तुझी होती. ताईचं लग्न समोर होतं, काकांना विचारलंस, काकूंना विचारलंस आणि तू ठरवलंस. इथे सही पिंट्याची आणि ठरवणार तो मोसंबीवाला. हा फरक मी त्याला सांगू शकत नाही. माझ्या तोंडून त्याला तो उपदेश वाटतो.

काकांना मधल्या काळात मोटार वाहन कायद्याच्या 140 कलमाखाली 25 हजार मिळाले होते ना? थोडे होते, पण मुख्य दावा चालू ठेवून मिळाले होते. ते कलम 1 एप्रिल 2022 पासून गेलं. आता 164 आहे, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध न करता. पण विमा कंपनीकडून तडजोडीत ते घेतले की मोठा अर्ज संपला. घरात पीठ नाही तेव्हा अडीच लाखांचं मोल काय असतं ते तुला कळतं. म्हणून तर असली माणसं वॉर्डावॉर्डात फिरतात.

माझ्या डोक्यात वेगळं आहे. आईच्या पाटल्या आणि माझ्या बायकोचा हार तारण ठेवून तीन लाख उचलायचे. महिना एक टक्का धरला तरी तीन वर्षांचं व्याज एक लाख आठ हजार. ते मी भरतो. पिंट्या म्हणतो, "आणि दावा हरलो तर? त्याचे पैसे बुडतील, आईचं सोनं तरी राहील." मुद्दा खोटा नाही. पण मागून धडकलेला विम्याचा ट्रक, पंचनामा स्पष्ट. एवढ्याशा धोक्यासाठी आठ-दहा लाख मोजायचे? आईने काल पाटल्या काढून त्याच्या उशाशी ठेवल्या. त्याने त्या वहिनीकरवी परत पाठवल्या, पुडीला रबर लावून. वहिनी काही बोलत नाही. ती सोमवारची वाट बघतेय की सोमवारला घाबरतेय, कळत नाही.

तुझ्या चिमीची दहावी यंदाच ना? तिला सांग, भूमितीचे गुण हातचे सोडू नकोस. नाशिकच्या फ्लॅटचा ताबा मिळाला हे ऐकून आईला फार आनंद झाला, वास्तुशांतीला येईनच. माझा कॅरमबोर्ड तिकडे लागणार असेल तर आता तो परत मागत नाही.

रविवारी ये. शनिवारी रात्रीच्या एसटीने निघालास तर सकाळी स्टँडवर घ्यायला येतो. काकांची फाईल असेल तर आण, डॉक्टरांची उलटतपासणी कशी झाली होती ते मॅडमना बघायचंय. पिंट्याशी एकटा बोल, मी खोलीत येणार नाही. तुझी रक्कम किती होती आणि पुढे ती कशी पुरली, ते त्याला खरंखरं सांग. ऐकूनही त्याला सही करायचीच असेल तर निदान कोरे चेक देणार नाही आणि वकील बदलणार नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. तुझं तो ऐकेल. लहानपणापासून माझ्यापेक्षा तुझंच ऐकतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या