शेलाख लेखाचा पाठ समजावून सांगणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम शालोम.

अलिबागच्या इस्रायल आळीत शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, प्रार्थनेनंतर थांबून आपण मला तोरा या आपल्या धर्मग्रंथातला आठवड्याचा पाठ, आणि या वेळी ‘शेलाख लेखा’ हा हेरांच्या कथेचा पाठ, मराठीतून उलगडून सांगत आलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र लिहीत आहे. समोरासमोर आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, हे आता पाठ झाले आहे.

आपल्या पूर्वजांचा नेता मोशे याने, देवाने देऊ केलेला कनान देश हेरायला बारा सरदार धाडले आणि चाळीस दिवसांनी परतताना दोघांनी द्राक्षांचा एकच घोस काठीवर टांगून आणला, एवढे लहानपणापासून ठाऊक होते. दहा जण अविश्वासू, यहोशवा आणि कालेब विश्वासू, इथेच गोष्ट संपत असे. आपण मात्र विचारलेत, त्या दहांच्या सांगण्यात खोटे काय होते? देश सुपीक, नगरे तटबंदीची, माणसे धिप्पाड, हे सारे खरेच होते आणि कालेबानेही ते नाकारले नाही. आम्ही स्वतःच्या दृष्टीने टोळांसारखे होतो, आणि त्यांच्याही दृष्टीने तसेच होतो, असे ते म्हणाले, तिथे त्यांचा तोल गेला. पहिल्या अर्ध्याबद्दल क्षमा आहे, पण तुम्ही त्यांच्या नजरेत कसे दिसलात हे तुम्हाला कोणी सांगितले, असा देवाचा प्रश्न मिद्राशमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या जुन्या भाष्यात, येतो, तो आपल्याकडूनच प्रथम ऐकला.

त्यावर आपण हफ्तारा, म्हणजे या पाठाला जोडून वाचायचा संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा, लगेच वाचायला लावलात. त्यात कनानातल्या यरीहो नगराची राहाब ही स्त्री पुढे यहोशवाने धाडलेल्या दोन हेरांना सांगते की देवाने तुमच्यासाठी समुद्र आटवल्याची वार्ता ऐकून आमच्या काळजाचे पाणी झाले. म्हणजे हे स्वतःला टोळ समजत होते, तेव्हा तटाच्या आत यांचीच धास्ती होती! दोन्ही वाचने शेजारी ठेवणाऱ्यांच्या योजकतेला दाद द्यावी तितकी थोडी. लोक सहसा गाळतात तो भागही आपण सोडला नाहीत. हेरांचे ऐकून रडलेले आणि कनानात जायला नाकारणारे लोक दुसऱ्या दिवशी पस्तावले, मोशेचे न ऐकता डोंगर चढून गेले आणि होर्मा या ठिकाणापर्यंत मार खात परतले. त्यामुळे कालेबाच्या शौर्याचे नुसते गोडवे गाणारी प्रवचने मला आता अपुरी वाटतात.

आपण इतरांच्या नजरेत कसे दिसतो, ही गोष्ट आपल्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाला, परकी नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून कोकणात आपली ओळख होती, आणि तरीही इस्रायलमध्ये विवाहाच्या प्रश्नावरून आपल्या यहुदीपणावर शंका घेतली गेली; पूर्ण यहुदी म्हणून मान्यता १९६४ मध्ये मिळाली. त्या काळाविषयी बोलताना आपला आवाज चढत नाही, आणि कोणी मान्यता देईपर्यंत शब्बाथ पाळायचा थांबला होता का, एवढेच आपण विचारता.

सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमत नाहीत, म्हणून मी एकदा कुरकुरलो होतो. दहा हा आकडा तलमूद हा आपला धर्मचर्चेचा ग्रंथ याच दहा हेरांवरून काढतो, कारण तोरात त्यांना ‘मंडळी’ म्हटले आहे, हे आपण तेव्हा सांगितलेत. ज्यांनी सर्वांना रडवले, त्यांचीही मंडळीच धरली गेली! यावर मला अजून बरेच विचारायचे आहे. पुढचा पाठ कोरहाचा आहे. मोशेशी भांडणाऱ्या कोरहाची बाजूही थोडी ऐकून घ्यावी, असा माझा आग्रह राहील, तेव्हा पावसाने वाट अडवली नाही तर शनिवारी वेळ राखून ठेवावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी