मोहोळ काढणाऱ्याला मध नको, मजुरी द्या

मा. आयुक्त,
इंदूर नगर निगम यांस,

सविनय नमस्कार.

पावसाळा सरला की आग्यामाश्या शहरात उतरतात. उंच इमारतींचे छज्जे आणि पाण्याच्या टाक्यांची बूडं ही त्यांची ठरलेली ठिकाणं. मग राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की लोकमान्यनगर, रहिवासी एखादा छत्ता तोडणारा शोधून आणतात. तो पैसे मागत नाही, मध नेतो. सगळा घोळ इथेच आहे.

आग्यामाशीचं पोळं एकच असतं, उघडं, कधीकधी मीटरभर रुंद. मध असतो वरच्या बाजूच्या जाड, फुगीर कोपऱ्यात. बाकी भागात अंडी, अळ्या. ज्याची मजुरीच मध, तो कोपरा कापतो, बादली भरतो आणि जातो. चिडलेल्या माश्या तिथेच लोंबत राहतात. ज्या कामासाठी बोलावलं ते झालेलंच नसतं. वर मशाल वापरली असेल तर जळकं पोळं खालच्या मजल्यावरच्या वायरींवर पडतं आणि अंधारात उठलेल्या माश्या थेट उजेडाच्या खिडक्यांकडे धावतात. कीटकनाशक फवारलं तर विषारी मध मागे राहतो; तो दुसऱ्या माश्या लुटून नेतात आणि कुणी बाटलीत भरून विकणारच नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून पहिली मागणी: निगमानं प्रशिक्षित पथक नेमावं, त्याला कामाचे पैसे द्यावेत आणि मधावर हक्क नसल्याचं करारातच लिहावं.

दुसरी मागणी तक्रार नोंदवण्याबद्दल. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा हे इंदुरानं घराघरांत रुजवलं. पोळ्यांचीही तशी वर्गवारी करता येईल. निगमाच्या ३११ या तक्रार ॲपवर फोटो मागवा आणि पोळं उघड्यावर आहे की भोकात, एवढं विचारा. नुसता माश्यांचा घोस लटकलाय, पोळं दिसत नाही, तर तो वाटेत विसावलेला थवा. बहुधा काही दिवसांत आपण होऊन उठतो. झुडपातलं तळहाताएवढं पोळं फुलोरी माशीचं, त्याला हात लावायचं कारणच नाही. भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी मधमाशी पेटीत भरून नेता येते. कागदासारखं, राखाडी, मध नसलेलं पोळं गांधीलमाशीचं. तिची नांगी गुळगुळीत असते, त्यामुळे ती पुन्हापुन्हा डसते. दारात किंवा मीटरच्या डब्यात पोळं असेल तर रात्री औषध मारून ते काढणं योग्यच. पोकळीत असेल तर हालचाल पूर्ण थांबेपर्यंत भोक मात्र बुजवू नये. कोंडलेल्या माश्या स्विचबोर्डातून खोलीत येतात.

आग्यामोहोळाचं काम असं व्हावं. आदल्या दिवशी इमारतीला सूचना. अंधार पडल्यावर जिन्यातले, गच्चीवरचे दिवे बंद, खिडक्या बंद. चांदणी रात्र टाळावी, कारण आग्यामाशी चांदण्यातही उडते. पथकाकडे लाल उजेडाची बॅटरी हवी. लाल रंग माश्यांना दिसत नाही. धूर शेणीचा किंवा तागाच्या पोत्याचा, थंड आणि पांढरा; ज्वाळ अजिबात नको. धुरानं माश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्याचा वास दबतो. डंख बसला की तोच वास, पिकल्या केळ्यासारखा, सुटतो आणि बाकीच्या माश्या त्याच जागी तुटून पडतात. पोशाख सैल, फिकट रंगाचा, दुहेरी कापडाचा. मनगटं आणि बुटांची तोंडं टेपनं बंद. शिडीवर एकटा माणूस कधीच नको. डंख बसला की हात सुटतो, म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन स्वतंत्र दोर.

माश्या धुरानं बाजूला सारून पोळं पूर्ण उतरवायचं. यानंतरचं काम जवळपास कुणीच करत नाही: मेणाचा डाग पत्र्यानं खरवडून, जागा धुऊन तिथं चुना मारणं. मेणाचा वास राहिला तर पुढच्या मोसमात थवा पुन्हा त्याच छज्ज्यावर येतो. सातेरीची पेटी मूळ जागेपासून निदान ३ किलोमीटर लांब न्यावी, नाहीतर चरायला गेलेल्या माश्या जुन्याच भोकाशी परततात. रिकामी पोकळी साफ करून सिमेंटनं बुजवावी. आत राहिलेला मध पाझरतो आणि मुंग्या लागतात.

पथकासोबत प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी आणि ॲड्रेनॅलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन, हवं. अंगभर गांध्या, दम लागणं, चक्कर अशी लक्षणं दिसली तर प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ॲलर्जीच्या गोळीवर वेळ काढू नये. नांगी चिमट्यानं की नखानं, हा वाद फिजूल आहे, लवकर काढा एवढंच. शेकडो डंख झालेला माणूस बरा दिसला तरी त्याला घरी सोडू नये, मूत्रपिंडं नंतर बिघडू शकतात.

आणि सगळीच मोहोळं काढू नका. टाकीच्या बुडाशी, वर्दळीपासून दूर असलेलं पोळं उन्हाळा तापला की बहुधा रिकामं होतं. रिकामं पोळं दिवसाढवळ्या, विनाधोका उतरवता येतं. शाळा, इस्पितळ, लिफ्टची खोली किंवा जिन्याजवळचं मात्र लगेच हलवावं. यंदाच्या निविदेत निदान एवढं घालावं: एप्रिल-मे महिन्यांत सरकारी इमारतींवरचे मेणाचे जुने डाग खरवडून चुना मारणे, दर चौरस फुटानं.

आपले,
इंदुरातील मधमाशीपालक व मोहोळ हलवणारे कारागीर

(या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयात देत आहोत.)