एका ‘पॉझिटिव्ह’वर गर्भाचा निर्णय नको

महोदय,

गर्भवतीच्या रक्ताची ‘टॉर्च’, म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्रित तपासणी आता तालुक्याच्या गावातही सहज होते. त्या रिपोर्टातील टॉक्सोप्लाझ्माच्या (मांजराच्या विष्ठेतून, कच्च्या मांसातून पसरणाऱ्या परजीवीच्या) ओळीमुळे किती घरांची झोप उडते, हे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत २२ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करताना मी पाहिले आहे; म्हणून हे पत्र.

दुसऱ्यांदा रक्त द्यायला आलेली एक मुलगी मला आजही आठवते. तिसरा महिना, सोबत सासूबाई, आणि छातीशी धरलेल्या फायलीत ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ असा ठळक छापलेला कागद. गावातल्या दवाखान्यात तिला गर्भ पाडण्याचा सल्ला मिळाला होता आणि घरच्यांनी आदल्या रात्रीच मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून दिली होती. दंडाला पट्टा बांधत असताना तिने हळूच विचारले, “ताई, बाळ आंधळं होईल का हो?” उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता; पण त्या एका ओळीवरून ते कोणालाच देता येणार नाही, एवढे मला नक्की ठाऊक होते.

आयजीएम ही संसर्गानंतर रक्तात लवकर दिसणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) खरी, पण टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत ती कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ रेंगाळतात, आणि काही वेळा संसर्ग नसतानाही तपासणीचे किट पॉझिटिव्ह दाखवते. केवळ या चाचणीवर विसंबून गर्भवतीबाबत निर्णय घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्येच डॉक्टरांना दिला होता. पुढची पायरी अ‍ॅव्हिडिटी चाचणीची आहे. आयजीजी या नंतर येऊन कायम टिकणाऱ्या प्रतिपिंडांची परजीवीवरील पकड किती घट्ट आहे, हे ती मोजते. पहिल्या तीन महिन्यांत घेतलेल्या रक्तात पकड घट्ट निघाली, तर संसर्ग दिवस राहण्यापूर्वीचा असतो आणि बाळाला सहसा धोका नसतो. पकड सैल निघाली म्हणून मात्र संसर्ग ताजाच आहे असे ठरत नाही, कारण काही जणींची पकड महिनोन्‌महिने सैलच राहते. चाचणी पाचव्या-सहाव्या महिन्यात केली तर तिचा उपयोग बराच कमी होतो, म्हणून ती वेळेत व्हायला हवी. त्या मुलीची पकड घट्ट निघाली.

संसर्ग खरोखरच गरोदरपणात झाला असेल, तर तो हलक्यात घेण्याजोगा नाही. पहिल्या तिमाहीत तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता शंभरात साधारण १० ते १५ असते, पण पोहोचला तर डोक्यात पाणी साचणे, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याला इजा, गर्भपात असे गंभीर परिणाम होऊ शकतात. शेवटच्या महिन्यांत ही शक्यता शंभरात ६० च्या वर जाते, मात्र तेव्हा बाळ बहुधा जन्मतः ठणठणीत दिसते आणि डोळ्यांचा त्रास काही वर्षांनी डोके वर काढू शकतो. बाळाला लागण झाली आहे का, हे १८ आठवड्यांनंतर आणि आईच्या संसर्गाला किमान चार आठवडे उलटल्यावर गर्भजल काढून पीसीआरने (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) पाहतात. तोवर आईला स्पायरामायसिन हे प्रतिजैविक देतात. बाळाला लागण झालेली आढळली तर पायरिमेथामाइन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक अ‍ॅसिड ही औषधे सुरू करतात. म्हणजे रिपोर्ट आणि गर्भपात यांच्यामध्ये तपासण्यांचा व उपचारांचा एवढा मोठा टप्पा आहे, आणि तोच अनेकदा गाळला जातो.

वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना ही तपासणी सर्रास लिहून दिली जाते, याचे मला फार वाईट वाटते. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या स्त्रीला एकदा संसर्ग होऊन गेला की पुढच्या बाळांना सहसा संरक्षणच मिळते; त्यामुळे तीन-चार गर्भपातांचे खापर टॉक्सोप्लाझ्मावर फोडता येत नाही.

उलट, आयजीजी आणि आयजीएम दोन्ही निगेटिव्ह असलेल्या गर्भवतीला ‘सगळे छान आहे’ म्हणून घरी पाठवतात. प्रत्यक्षात जपायला हवे ते तिनेच. मटण पूर्ण शिजवणे, कोथिंबीर-पालेभाजी नीट धुणे, मातीत काम केल्यावर साबणाने हात धुणे हे तिला कोणीतरी सांगायला हवे. मांजर हाकलण्याची गरज नाही. विष्ठेतला परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, तेव्हा ती जागा घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केली तरी पुरे.

प्रयोगशाळांना माझी दोन कामांची विनंती आहे. गर्भवतीचे आयजीएम पॉझिटिव्ह आले, तर ‘केवळ यावरून निदान करू नये, अ‍ॅव्हिडिटी करावी’ एवढी ओळ मराठीत रिपोर्टावर छापावी. आणि तो पहिला नमुना फेकून न देता किमान महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या रक्ताबरोबर तो एकाच दिवशी, एकाच यंत्रावर लावून आयजीजी खरोखर वाढते आहे का, हे पाहता येईल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली